झोपलेल्या यंत्रावरचं दही

चि. सौ. हरणाबाईस,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, तानुबाईचा आशीर्वाद. म्हसवडच्या वस्तीवर आमी धडधाकट हाय. तुझं गुडघं कसं हायत? (दुखत आसतीलच. कुपवाडात तिसऱ्या मजल्यावर घर घेताना मला इचारलं न्हाईस.) तुझ्या तानाजीच्या कारखान्याचं बरं चाललंय नव्हं? फोन सोडून कागद लिवती, कारण फोनवर तुझी सून स्पीकर लावून सगळं ऐकती. तिसरीपत्तोरच्या शाळंत जेवढं आलं तेवढ्यात भागवून घे.

तर माझी नात स्वप्नाली पुण्याची नोकरी घरनं करायला म्हणून वस्तीवर येऊन बसली हाय. काम काय, तर कंप्युटरला झोपवायचं. मी म्हणलं, पोरी, एवढं शिकून अंगाईच गायची हुती तर आधी लगीन तरी करायचं हुतंस. तवा तिनं समजावलं. कंप्युटरच्या पोटात प्रोसेसर आसतो, त्यात आठ गडी. त्यांच्यावर कर्नेल नावाचा मुकादम. काम नसलं की मुकादमानं गड्याला झोपवायचं, न्हाईतर तो बसल्या जागी वीज खातो आन् तापतो. डुलकी काढणारा गडी हाक मारली की उठतो, पर थोडं खातो बी. डोक्यावरनं घोंगडं घेऊन झोपलेला काय खात न्हाई, पर त्याला उठवायला येळ लागतो. (आपल्या घरातल्या बाप्यांना हे सांगायला नको.) कुणाला किती गाढ झोपवायचं हे ठरवताना मुकादमाशी सगळ्यांनी कसं बोलायचं, ती रीत पोरगी बांधत हुती. त्या रीतीला इंटरफेस म्हणत्यात.

जुन्या रीतीत खोट अशी, की कुणीबी यायचा, "माझं काम येणार हाय, जागं राहा" म्हणायचा, आन् काम झाल्यावर "आता झोपा" सांगायचं इसरायचा. आठी गडी डोळं ताणून बसलेलं. मी म्हणलं, हे तर तुझं आबा! (तुला ठावंच हाय. लोणंदच्या बाजाराला मेंढरं घेऊन जाताना "जेवायला थांबा" म्हणत्यात आन् तिकडंच पाव्हण्याकडं मटण चापून झोपत्यात. इकडं आमी भाकरी झाकून बसलोय.) स्वप्नालीच्या रीतीत ज्यानं जागवलं त्याचं नाव लागतं, आन् काम सरलं की हाक आपोआप रद्द. ह्यांनी ऐकलं आन् म्हणले, "असली रीत घरात आणू नगा."

पर ही रीत मंजूर करणारा साहेब परदेशात. त्यानं दोनदा परत धाडली. ह्या डावाला न्हाई म्हणला तर पोरीचं वर्षाचं काम पाण्यात. म्हणून तपासायला तिनं एक कंप्युटर मागल्या खोलीत ठेवला हुता. रातभर रिकामा सोडायचा आन् झोपतो का बघायचं. कसला झोपतोय! चुलीगत तापायचा.

आता थंडीत आपल्याकडं दही लागत न्हाई. मी इरजण घातलेलं गाडगं त्या कंप्युटरवर ठेवलं, वरनं घोंगडं पांघरलं. सकाळी सुरीनं कापावं असं दही! स्वप्नाली ऊन डोक्यावर आल्यावर उठायची, तवर माझं गाडगं चुलीपाशी. वस्तीवर माझ्या दह्याचं नाव झालं. शेजारच्या चंद्राबाईच्या सुनंच्या डोहाळजेवणाला घमेलंभर देती म्हणून फुशारकीनं बोलून बसले. आन् नेमकं त्याच सकाळी घोंगडं काढती तर दूध जसंच्या तसं! कंप्युटर मेल्या बोकडागत गार.

माझं डोस्कंच फिरलं. जाऊन पोरीचं पांघरूण ओढलं. "ऊठ गं भवाने! तुझं यंत्र बिघडलं. दहीच लागलं न्हाई!"

"कुठलं दही?"

"कुठलं म्हंजे? त्याच्यावर लावलेलं!"

पोरगी डोळं चोळत मागं गेली. घोंगडं बघितलं, गाडगं बघितलं, कंप्युटरला हात लावला. आता भांडती म्हणून मी पदर खोचला, तर तिनं मला उचलून गरागरा फिरवली! "आज्जे, घोंगड्याखाली सुदिक गार हाय! रातीच रीत सुधारून घातली हुती. झोपलं गं, आठीच्या आठी झोपलं!"

डोहाळजेवणाला शेवटी खीर नेली. (चंद्राबाई म्हणली, "दही कुठाय?" मी म्हणलं, "झोपलंय.")

पोरीनं आकड्यांसंगं हेबी साहेबाला लिवलं. त्या लोकांत चाल हाय, ज्यानं तपासलं त्याचं नाव कामाखाली घालायचं, आन् ते कायमचं राहतं. साहेबानं पयलं इचारलं म्हणं, घोंगडं कशाचं? मेंढराच्या लोकरीचं म्हणल्यावर हसला आन् रीत मंजूर! खाली लिवलंय, तपासणारी तानुबाई सरगर. रेशन कार्डावर माझं नाव अजून चढलं न्हाई, पर जगातल्या कंप्युटरांत चढलं. ह्यांनी बाजारभर पेढं वाटत सांगितलं, बायको कंप्युटरात गेली. निम्म्या लोकांनी "कवा गेली बिचारी?" म्हणून इचारलं.

तुझ्या मालकांना नमस्कार, नातवंडांना पापा. सुनंला काय न्हाई.

तुझी,
तानुबाई

ता. क. तानाजीच्या कारखान्यात जुना, भरपूर तापणारा कंप्युटर अडगळीत पडला आसंल तर पाठवून दे. त्यासाठीच एवढं लिवलं. थंडी अजून सरली न्हाई, आन् चंद्राबाई रोज दही इचारती.

आणखी ता. क. लवकर पाठव. पोरीची रीत तिकडं पोचली की तुमचाबी झोपंल. आन् स्वप्नालीला कळू देऊ नगंस, ती बघितल्या बघितल्या त्याला झोपवंल. माझ्याच नावानं माझं दही बुडालं, हे बाहेर कुठं बोलू नगंस.