खर्च शून्य

७ जुलै, सोमवार
आले: कंपासपेटी १, नवी, आतला रबर अख्खा. खर्च ०. स्टीलची पाण्याची बाटली १, बुडाला जरा पोच. खर्च ०. साबुदाणा अर्धा किलो. खर्च ३८.
पहिल्या दोन वस्तू अपूर्वने आणल्या. काहून दिल्या विचारलं तर म्हणे, "मित्र देऊन राहिले आई, मले नाही म्हणवत नाही." नववीतलं पोर, पण कोणाचं मन मोडत नाही. त्याला महापालिकेच्या शाळेत टाकलं तेव्हा जाऊबाई हसल्या होत्या. कॉन्व्हेंटात फी भरूनसुद्धा असे दिलदार मित्र मिळाले नसते. महाराजांची कृपा.
सगळं तारखेवार वहीत उतरवलं. मॅट्रिकला गणितात एकाहत्तर होते, ते वाया गेले नाहीत.

१० जुलै, गुरुवार, उपास
शाळेच्या पालक समितीवर माझी बिनविरोध निवड! दुसऱ्या एक पालक, शोभाताई, त्यांनी नाव सुचवलं. मीटिंगला आम्ही दोघीच होतो, पण बिनविरोध ते बिनविरोध.
हेडसर म्हणाले, शाळेत दादागिरी फार वाढली. संडासाजवळ मोठी पोरं लहानांना अडवतात, बुकलतात, वस्तू हिसकतात. सातवीतल्या एकाचा दात पडला. मी म्हटलं, छडी आणा. ते म्हणाले, "बाई, छडी कायद्यात बसत नाही." मग मी ठराव मांडला. ज्याच्याकडे दुसऱ्याची वस्तू सापडेल किंवा जो हात उगारेल, त्याला त्याच दिवशी शाळा सोडल्याचा दाखला. वर्तणुकीच्या रकान्यात लाल शाईत 'वाईट'. कोणाचाही मुलगा असो, सूट नाही. मंजूर.
लाल पेन मीच भेट दिला. खर्च ५.
संकल्प: दिवाळीपर्यंत शाळा देवळासारखी करायची.
अपूर्वच्या बोटांची सालं निघालीत. व्हॉलीबॉल म्हणे. हळद लावली.

१६ जुलै, बुधवार
आले: टोपी १. वीसच्या नोटा ३. खर्च ०. कोणाचा तरी वाढदिवस होता म्हणे. आमच्या लहानपणी वाढदिवस असला की आपण घ्यायचो. आता देतात. चांगली प्रथा.

२२ जुलै, मंगळवार
आले: कानातलं यंत्र १. खर्च ०!!
अपूर्व म्हणाला ब्लूटूथ आहे, पण गाणे वाजत नाहीत, म्हणून मित्राने देऊन टाकलं. मी बरोबर ओळखलं. धंतोलीतल्या कानाच्या दवाखान्यात मामंजींसाठी दाखवलं होतं तसंच. तिथे डॉक्टरांनी वीस हजार सांगितले तेव्हा हे लिफ्टची वाटही न पाहता जिन्याने उतरले होते.
मामंजींच्या कानाला ते लहान पडतं. कापूस लावला, वरून चिकटपट्टी. चार वर्षांनी म्हाताऱ्याने कुकरची शिट्टी ऐकली. डोळे भरून आले त्यांचे. मग पहिलंच वाक्य बोलले, "सूनबाई, हे कोणाचं आहे वं?" मी म्हटलं, देवाचं.

२८ जुलै, सोमवार
समितीतर्फे शाळेत राउंड. गुंड सापडला!
प्रशिक नावाचा मुलगा, अपूर्वच्याच वर्गात, जूनमध्येच आलेला. सर प्रश्न विचारतात, हा नुसता तोंडाकडे टकाटका पाहतो. मी स्वतः मागून तीन हाका मारल्या. ढिम्म. एवढा माज! हेडसर म्हणाले, "हुशार होता हो. आठ दिवसांत काय बिनसलं कळत नाही." मी आडनाव विचारलं. मग पुढे काही विचारायची गरज वाटली नाही. अपूर्वनेही घरी सांगितलं, "सगळं तोच करून राहिला आई."
मैदानात चिखलात तासभर उभं केलं. तास झाला, 'जा' म्हटलं, हलला नाही. पुन्हा 'जा' म्हटलं, हलला नाही. म्हणून दुसरा तास. त्यात माझी काय चूक?

३१ जुलै, गुरुवार, उपास
प्रशिकची आई घरी आली होती. दीक्षाताई. धंतोलीत नर्स आहे, नाईटवरून थेट आली. म्हणाली, "माझ्या मुलाला कानाच्या यंत्राशिवाय ऐकू येत नाही. पोरं हसतात म्हणून तो केसांखाली लपवायचा. आठवडाभर मला सांगितलंसुद्धा नाही. संडासात दोघांनी धरलं आणि तिसऱ्याने ओढून घेतलं. हप्ते अजून चालू आहेत हो त्याचे." तिसरा कोण, ते पोरगं भीतीने सांगत नाही म्हणे.
वाईट वाटलं. पण हल्लीच्या बायकांचं वस्तूंकडे लक्षच नसतं. तिचं यंत्र तपकिरी. आमचंही तपकिरी, पण जरा फिकं. शिवाय आमचं ब्लूटूथ आहे.
यंत्राची बॅटरी १. खर्च ४०. मामंजींनी विचारलं, "ती बाई काय म्हणत होती?" काही नाही म्हटलं. यांना ऐकू यायला लागल्यापासून चौकशा फार वाढल्यात.

४ ऑगस्ट, सोमवार
अनर्थ! प्रशिकने अपूर्वच्या कपाळावर डबा हाणला. दोन टाके. अपूर्व त्याच्या कानात फक्त मोठ्याने ओरडून पाहत होता, ऐकू येते का म्हणून. काळजीनेच ना?
ठराव म्हणजे ठराव. हात उगारला, दाखला. हेडसरांचं मन होईना. "बाई, एकदा समज देऊन पाहू." मी लाल पेन पुढे केला. दीक्षाताईने दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला. पोराला घेऊन सावनेरला आईकडे निघाली. तिथल्या शाळेत टाकणार म्हणे. त्यालाच हवापालट होईल.
पेढे पाव किलो देवाला. खर्च १२०. एवढा खर्च चालतो.

११ ऑगस्ट, सोमवार
आले: छत्री १, रेनकोट १. खर्च ०.
प्रशिक गेला तरी शाळेतल्या वस्तू जाऊन राहिल्या. सहावीतल्या पोराचा हात मोडला. प्रशिकची टोळी मागे राहिली असणार. संकल्प: टोळीचा नायनाट. पालकांची मोठी सभा बोलवायला लावली.

१८ ऑगस्ट, सोमवार
सभेला चाळीस पालक. नुसता गोंधळ. कोणाला हरवलेली वस्तू आठवते, तर तारीख आठवत नाही. मला राहवलं नाही. उठले आणि म्हटलं, नोंद कशी ठेवावी ते मी दाखवते. पिशवीतून वही काढली आणि खणखणीत वाचली. सात जुलै, कंपासपेटी, रबर अख्खा. स्टीलची बाटली, बुडाला पोच.
हॉल एकदम शांत. मला वाटलं, शिकून राहिले.
मागून एक गृहस्थ म्हणाले, "बाई, पुढं वाचा." मी वाचलं. टोपी. मागची एक बाई म्हणाली, "निळी होती का वं?" निळीच होती. वीसच्या नोटा तीन. "वाचा ना, थांबल्या काहून?" बावीस जुलै वाचलं. कानातलं यंत्र, खर्च शून्य, पुढे दोन उद्गारचिन्हं.
हेडसरांनी पानांचे फोटो काढायला वही मागून घेतली. मी म्हटलं, शाई पुसू नका.

२० ऑगस्ट, बुधवार
आले: शाळा सोडल्याचा दाखला १. वर्तणूक: वाईट, लाल शाईत. खर्च ५, तोच पेन.
हे ऑफिसातून आले ते चपला न काढताच परत बाहेर गेले. मामंजींनी कानातलं यंत्र काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "या घरातलं मले आता काही ऐकायचं नाही." चिकटपट्टी अख्खी होती. जपून ठेवली.

१ सप्टेंबर, सोमवार
अपूर्वच्या प्रवेशासाठी मनीषनगरपासून पाच शाळा फिरून झाल्या. लाल शाई पाहिली की फॉर्मही देत नाहीत. रिक्षा, खर्च ३४०. अपूर्व दिवसभर झोपतो. काल माझ्या पर्समधल्या वीसच्या नोटा दोन कमी. माझीच मोजण्यात चूक झाली असेल. आजवर झाली नव्हती.
हेडसर म्हणाले, प्रशिकच्या आईने तक्रार नाही असं लेखी दिलं, तर शेरा बदलता येतो का पाहू. दीक्षाताई फोन उचलत नाही. हेडसरांकडून सावनेरचा पत्ता घेतला, पत्र लिहिलं. वर 'जय भीम' घातलं, म्हणजे तिला बरं वाटेल. नक्कल ठेवते:

सौ. दीक्षाताई, जय भीम. यंत्र सोबत पाठवलं आहे, चालू आहे. मध्ये बॅटरी आम्ही टाकली, ४० लागले. ते मागत नाही, माहीत असावं एवढंच. पोरापोरांत चालतं, आपण मोठ्यांनी मनात ठेवू नये. प्रशिकच्या शाळेत नववीला जागा आहे असं कळलं. त्याच्याच बाकावर अपूर्वची सोय झाली तर तुमच्या मुलाला सोबत होईल, ऐकू न आलेलं अपूर्व सांगत जाईल. 'आमची तक्रार नाही' एवढी एकच ओळ तुमच्या सहीने हवी आहे. पाकीट सोबत ठेवलं आहे, तिकीट मी लावलं आहे. वाया जाऊ देऊ नका, उलट टपाली कळवा.