दादाची डावी भिंत

९ मे
दादा चक्कर येऊन शिडीवरून कसाबसा उतरला. धरमपेठेत बंगल्याला रंग चालू होता. मालकांनी ऑटोत बसवून इकडे जरीपटक्याला पाठवला. माझा थोरला भाऊ, अठ्ठावन्नचा, खाप्याचा पेंटर. उन्हाळ्यात कामं इकडे शहरात, म्हणून माझ्याकडेच मुक्काम. "ऊन लागलं वं शोभा, दुसरं काही नाही." कैरीचं पन्हं केलं, मीठ मुद्दाम जास्त. तळव्यांना कांदा चोळला. उन्हाच्या बाबतीत आमच्या घरात सगळेच डॉक्टर, बाबा उन्हानेच गेले ना.

११ मे
पुन्हा चक्कर, आणि ती पंख्याखाली बसल्या बसल्या. आमच्या ह्यांनी ऐकलं नाही, दवाखान्यात नेलंच. डॉक्टर मॅडम तरुण आहेत, शांत. पाच मिनिटं बसवून मोजलं, मग दुसऱ्या हातावर. १८६/११२. दादा म्हणतो, "मले बीपी नाही." मॅडम हसल्या. "काका, बीपी सगळ्यांनाच असतो. ज्याला नाही तो जिवंत नाही."
हे मला कधी सुचलंच नव्हतं. "अमक्याला बीपी आहे" असं आपण किती सहज म्हणतो. येताना बाजारात भाजीवाली, स्कूटरवाले, भांडणारे दुकानदार, सगळ्यांकडे बघत राहिले. प्रत्येकाच्या अंगात रक्त डोक्यापर्यंत चढतंय, न थांबता, आणि कोणालाच पत्ता नाही. अंगावर काटा आला.
रोज एक गोळी, मीठ कमी, तंबाखूचा खर्रा बंद. ह्यांनी घरी बीपी मोजायला मशीनही घेतलं. पन्ह्याचं सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "चक्कर आली तर आधी मोजा. मिठाचं नंतर बघू." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ मे
दादाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मलाही आत बसू दिलं.
पडद्यावर दादाचं काळीज. झडपा उघडतात, मिटतात. उघडतात, मिटतात. आईच्या पोटात होता तेव्हापासून चालू, एक दिवस खाडा नाही. दादाला पावसाळ्यात तरी काम नसतं. याला तेही नाही. मला रडू फुटलं. का, ते लिहिता येत नाही.
"डावी भिंत जाड झालीय," तपासणारे डॉक्टर म्हणाले. जास्त दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलून. दादाचा सगळा जन्म भिंतींवर गेला. गंभीरपणे विचारतो, "किती थर चढले?" डॉक्टरही गंभीरपणे म्हणाले, "पुढचे चढू द्यायचे नाहीत. गोळी नेमाने घेतली तर थोडी उतरतेसुद्धा." नाही घेतली तर काय, तेही सांगितलं. लकवा, हार्ट अटॅक, किडनी. दादा छताकडे बघत होता.

१६ मे
बाबांचं डोक्यातून जात नाही. भर वैशाखात बाजारातून आले, दारातच कोसळले. तोंड एका बाजूला गेलेलं, मीच पदराने पुसलं होतं. दुसऱ्या दिवशी संपलं. ऊन लागलं, सगळी वस्ती म्हणाली. आज मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांनी खात्रीने कोण सांगणार, पण वर्णन लकव्याचं वाटतं.
तीस वर्षं आम्ही उन्हाला शिव्या दिल्या.

३० मे
परवा १३४/८४ आला. दादा खूश. आज उशी झटकली तर खाली गोळ्यांचं पाकीट. परवापासून गोळी बंद.
"बरा झालो ना, मंग काहून खाऊ?"
"बरा नाही झाला गा, गोळीनं धरून ठेवलं आहे. खालून कोणी शिडी धरली तं तू त्याले जा म्हणतो का?"
जेवला नाही. (भाजी अळणी होती, तेही कारण असेल.) संध्याकाळी गोळी घेतली म्हणाला. मी पाहिलं नाही.

४ जून
दादा खाप्याला गेला. मशीन घेऊन जा म्हटलं, तर तिकडच्या दवाखान्यात मोजतात म्हणे. बस सुटताना खिशात पुडी दिसली. खर्ऱ्याचीच. बडीशेप म्हणाला. शिडीवर चढणारच आहे, पोट आहे. म्हणजे आता त्याच्या शब्दावर सगळं.

७ जून
सकाळी फोन. रोजचंच माझं, "गोळी घेतली? खरं सांग."
"घेतली वं." आवाजावरून काही कळत नाही. मग म्हणाला, "तू तुहा बीपी मोजला का?"
"मी काहून मोजू? मले काही होत नाही."
"मलेही काही होत नव्हतं. बाबाचे लेकरं तं आपण दोघंही आहो." दहा मिनिटांनी पुन्हा फोन करतो म्हणाला, ठेवला.
महिनाभर मशीन घरात. दादाचा मोजला, ह्यांचा मोजला. माझा नाही.
पाच मिनिटं बसले. १६८/१०२. पुन्हा बसले. १६४/१००.
डोकं शांत, चक्कर नाही, वरणाला फोडणी द्यायची राहिलीय. पट्टा आवळला तेव्हा दंडात ठोके लागत होते. किती इमानाने चाललंय आत, आणि कधीपासून एवढं ओझं ओढत. बावन्न वर्षांत मी एकदा विचारपूस केली नाही. भीती वाटली. आणि भीतीहून जास्त, काय म्हणू, हात जोडावेसे वाटले.
फोन वाजतोय. दादाच. ह्यांनी विचारलं, उचलत का नाहीस. रोज मी त्याला खरं सांग म्हणते.