लाल ओळीतली गवार

तीर्थस्वरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. तू गुडघ्याला तेल चोळत बसली असशील तर उठू नकोस, आशीर्वाद बसल्या जागेवरूनही पोहोचतो. गुडघा कसा आहे? आणि ते शाळेच्या गणवेशांचं काम उरकलं का? हे पत्र मी घरी न पाठवता तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. फोनच करणार होते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारच्या खुर्चीत बाबा असतात. (ऐकत नसल्यासारखं दाखवतात, पण मध्येच उत्तर देतात.) यातलं एक अक्षरही बाबांना कळता कामा नये. तू त्यांची थोरली बहीण, "धाकट्या, गप बस" म्हणायचा अधिकार या जगात तुझ्या एकटीचा, म्हणून तुलाच लिहितेय.

आधी माझं काम सांगते. आई शेजारणींना सांगते की मी शेतकी खात्यात साहेबीण आहे, कारण "पोरगी जंतू पाळते" म्हटलं तर आपल्याकडे कोणी पाणीसुद्धा पिणार नाही. पण आत्या, जंतू सगळेच वाईट नसतात. गवारीच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी येतात, त्यांत हे जंतू राहतात. झाड त्यांना साखर पुरवतं आणि ते हवेतला नत्र धरून झाडाला खत म्हणून देतात. थोडक्यात घरजावई, फक्त कामसू. गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसली तर जंतू कामावर आहेत, राखाडी दिसली तर त्यांनी हात टेकले. आता वाळवंटी मुलखात पाऊस नाही आणि विहिरींना खारं पाणी, तेच पिकाला द्यावं लागतं. किती खाऱ्या पाण्यापर्यंत हे बिचारे टिकतात, एवढंच मला शोधायचं आहे. एवढंच म्हणते खरी, पण हे कळलं तर किती लोकांच्या शेतात काय पेरायचं ते सांगता येईल! (तू हसतेयस. मी असं बोलायला लागले की तू ओठात टाचणी धरून हसतेस, मला माहीत आहे.)

त्यासाठी जाळीच्या छपराखाली साठ कुंड्या आहेत. पांढऱ्या ओळीला गोडं पाणी, पिवळीला मचूळ, लालला खारं. तीन रंगांची तीन पिंपं. दोन महिने मी रोज मापून पाणी घातलं. लाल ओळ दिवसेंदिवस मलूल होत होती आणि मला रोज वाईट वाटत होतं, पण ते वाईट वाटणं वहीत लिहायला रकाना नाही.

अशात बाबा आले. मुलीचं ऑफिस बघायला आठ दिवसांसाठी आले आणि पंधरा दिवस राहिले. आमच्या बाईंना (या मुख्य शास्त्रज्ञ, हसत नाहीत, पण कोणावर ओरडतही नाहीत) मी त्यांची ओळख करून दिली. बाबांनी नमस्कार केला आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणाले, "बाई, तुमचा तो कोपऱ्यातला व्हॉल्व्ह रडतोय." पाच महिने गळणारा तो व्हॉल्व्ह त्यांनी दहा मिनिटांत गप्प केला. बाई खूश. तेव्हाच मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला समोरच्या इमारतीत बसावं लागणार होतं. बाई म्हणाल्या, "पाणी घालायला यांच्याहून भरवशाचा माणूस कुठे मिळणार?" मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! ज्या माणसाने पस्तीस वर्षं गल्लोगल्लीचं पाणी सोडलं, त्याला मी तीन रंगांची पिंपं समजावून दिली. बाबांनी मान डोलावली. आत्या, बाबांची मान डोलावणं म्हणजे "तू बोल, मी मला हवं ते करतो," हे तू मला लहानपणीच सांगायला हवं होतंस.

बाबा सकाळी सगळ्यात आधी पाण्याची चव घेतात हे तुला ठाऊक आहेच. लाल पिंपातलं पाणी त्यांनी तोंडात घेतलं आणि तिथेच थुंकलं. पाणीखात्यात पस्तीस वर्षं त्यांचा एकच नियम होता: वरच्या गल्लीला जे पाणी तेच खालच्या गल्लीला. एका ओळीला गोडं आणि दुसरीला समुद्र, ही वाटणी त्यांना पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी लाल ओळीला गोडं पाणी सुरू केलं, तेही ठरल्यापेक्षा जास्त, कारण "मागची कसर भरून काढायला हवी." खारं पाणी वाया कसं घालवायचं, म्हणून त्या पाण्याने त्यांनी फरशी धुतली. फरशी वाळली की पांढरी दिसायची. मला म्हणाले, "बघ, कशी लख्ख झाली!"

ते परत गेले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही झाडं उपटली. लाल ओळीतल्या मुळांवर जुन्या गाठी राखाडी होत्या, पण वरच्या मुळांना नव्या, टपोऱ्या, आतून गुलाबी गाठी! मी धावत बाईंकडे गेले. "बाई, जंतू खारं पाणी पचवायला शिकले!" (त्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात परिषदेत भाषण केलं, शेवटी आईबाबांचे आभारही मानले.) बाईंनी कुंडीतली माती पाण्यात कालवली आणि तिच्यात क्षार मोजायचं यंत्र बुडवलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "ही माती खारी नाहीच, आपल्या नळाच्या गोड्या पाण्यासारखी आहे. पाणी कोणी बदललं?"

मी म्हटलं, बाबांनीच बदललं असणार. बाईंनी विचारलं, "तुला कधी कळलं?" मी म्हटलं, "आत्ताच, बाई."

सोमवारी अहवाल द्यायचा आहे. माझी नेमणूक एका वर्षाची, त्यातले नऊ महिने संपले, पुन्हा पेरून पुन्हा मोजायला वेळ नाही. साठ कुंड्या बाद झाल्या तर पुढच्या वर्षी मला ठेवतील असं वाटत नाही. तरी बाबांना काही बोलू नकोस. आई सांगते, ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात की पोरीचं पीक मरायला टेकलं होतं, मी वाचवलं. ते त्यांना तसंच सांगू दे.

गुडघ्याला शेक दे, आणि मशीनवर सलग बसू नकोस.

तुझी,
जंतूवाली

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. बाई म्हणतात, खारं पाणी थांबवल्यावर जंतू परत येतात हेही लिहिण्यासारखं आहे, पण कोणत्या दिवशी कोणत्या कुंडीला किती पाणी दिलं ते माहीत असेल तरच. बाबांना कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडलं ते वीस वर्षांपूर्वीचंही आठवतं. तेव्हा सहज विचारल्यासारखं करून त्यांच्याकडून काढून घे, लिहून ठेव आणि रविवारपर्यंत मला कळव. त्यांना संशय येऊ देऊ नकोस.

ता. क. २. मी बाईंशी खोटं बोलले. मला चौथ्याच दिवशी कळलं होतं. प्रशिक्षणातल्या चहाच्या सुट्टीत खिडकीतून पाहिलं, तर बाबा पांढऱ्या पिंपातून मग भरून लाल ओळीला घालत होते. प्रत्येक कुंडीपाशी वाकून काहीतरी बोलत होते. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षांत त्यांची पाठ इतकी ताठ मी पाहिली नव्हती. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी परत खिडकीशी गेले, चहा प्यायले आणि परत म्हटलं, उद्या सांगू. असं रोज. गुलाबी गाठी बघून बाईंकडे धावले तेव्हाही हे मनात होतंच, फक्त दोन मिनिटं ते विसरायचं होतं.

ता. क. ३. वरचं वाचून पाहिलं आणि बाईंकडे जाऊन खरं सांगून आले. त्या म्हणाल्या, अहवालात तारखेसकट लिही. लिहिते. आत्या, "बाबांना सांगू नकोस" असं जिथे जिथे लिहिलंय तिथे काट मार आणि हे पत्र त्यांच्याच हातात दे. बाबा, तुम्ही माझं पीक वाचवलं नाहीत, माझा प्रयोग बुडवलात. मी खिडकीतून बघत होते आणि तुम्हाला थांबवलं नाही, त्यामुळे अर्धा मीही बुडवला. आता रागवायचं असेल तर रागवा, पण त्याआधी कुंडी क्रमांक एक: पहिल्या दिवशी किती मग पाणी?