बाकी सगळं बरोबर

३ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

भिंगरीला उद्या सकाळच्या बसने पाठवते आहे. पाचवीच्या विज्ञानात ती नापास झाली हे तुला लिहितानाही लाज वाटते, कारण त्या वर्गाला विज्ञान शिकवणारी बाई मीच. सगळा वर्ग पास झाला आणि माझ्या पोटची पोर पन्नासात अकरा गुण घेऊन बसली. आईने स्वतःच्या मुलीची फेरपरीक्षा घ्यायची नाही असा नियम आहे, म्हणून केंद्र तुझ्या गावच्या शाळेत मिळालं आहे. परीक्षा बारा जूनला. तेव्हाही जमलं नाही तर पाचवी पुन्हा, तीही माझ्याच वर्गात. हे ऐकून ती रडली. नापास झाल्याचं ऐकून रडली नव्हती.

मी शिकवायला बसले की ती दगड होते. तू शिवणकाम सांभाळून रोज तासभर उजळणी घे. तुला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही हे मला ठाऊक आहे, तुझ्या सातवीच्या वह्या मीच पुऱ्या करत होते. म्हणून धड्यांची यादी जोडली आहे. खडक, पाणी, ऋतू. मग चुंबक, उष्णता, पदार्थाच्या अवस्था. मग झाडं, प्राणी, अन्नसाखळी. काय शिकवलंस ते मला लिहीत जा. नेहमीप्रमाणे तुझं पत्र लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवीन. माझ्या या सवयीला तू वर्षानुवर्षं हसत आलीस, आता तिचा उपयोग होऊ दे. जिथे रेघ नाही ते बरोबर, असं समजून पुढे जायचं.

तिला बटणांच्या डब्याशी खेळू देऊ नकोस. कळावे. लोभ आहेच, त्याला थोडी शिस्तीची जोड असावी.

तुझी ताई

११ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी भिंगरी पोचली आणि चहा व्हायच्या आत बटणांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसली. मी ओरडणार तोच तिने टाचण्या वेचायचं चुंबक डब्यात फिरवलं. काही बटणं चिकटली, काही नाही. मग दोन तास तिने एकेक बटण तपासलं. पितळेची का चिकटत नाहीत, शिंपल्याची कुठून येतात, सगळे प्रश्न मलाच. पुढे कापडांवर आली. कापूस झाडाचा, लोकर मेंढीची, रेशीम किड्याचं. कापायच्या टेबलावर तिने तीन ढीग केले, झाडाचा, प्राण्याचा आणि जमिनीतला. शिंपल्याची बटणं जमिनीच्या ढिगात गेली.

काल इस्त्रीतून वाफ निघताना दिसली आणि खिडकीच्या काचेवर तिचे थेंब झाले. तिने पाऊस कसा पडतो ते विजारीचं माप द्यायला आलेल्या दातांच्या डॉक्टरांना समजावलं. ते बिचारे हात वर करून उभेच राहिले. वहीत ती काही लिहीत नाही. माझ्या खडूने कापडाच्या तुकड्यावर लिहिते आणि झटकून पुन्हा लिहिते. ताई, तू म्हणतेस तो दगड मला अजून भेटला नाही. मी फक्त शिवते, उजळणी तीच घेते.

रेघा कमी मार, आणि लोभ मात्र आहे तेवढाच ठेव.

धाकटी

१५ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवलं आहे. नऊ रेघा आहेत. मुख्य दोन इथे सांगते. वाफ दिसत नाही, इस्त्रीतून दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब. आणि शिंपला हे प्राण्याचं घर, तो जमिनीतला नव्हे. खडूचं लिहिलेलं टिकत नाही, तिला पेन्सिलीने वहीत लिहायला लाव.

आता थोडं मनातलं. तुझं पत्र वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चुंबकाचा धडा मी सहा तास शिकवला. पट्टी चुंबक, नाल चुंबक, लोखंडाचा कीस, भिंतीवर तक्ता. तेव्हा ही बाईसाहेब खिडकीतून बाहेर बघत होती. आणि तुझ्या गंजक्या चुंबकाने तिचं डोकं उघडलं. लहानपणी मांजराला दूध मी घालायची आणि ते झोपायला तुझ्या अंथरुणात जायचं, आठवतं का? बाबांचंही तेच. गणितं माझ्याकडून तपासून घ्यायचे आणि फिरायला तुला न्यायचे. मला वाटलं होतं की ते सगळं संपलं. ते संपलेलं नाही, हे मी विज्ञानाची बाई म्हणून नोंदवते.

लोभ असावा, पण माझ्या वाटणीचा माझ्याकडे राहू द्यावा.

ताई

२२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नऊ रेघा भिंगरीने मोजल्या आणि मला पन्नासात एकेचाळीस दिले. वाफेचं तिने लगेच सुधारून घेतलं. तुझी रेघ आली की तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

अन्नसाखळीही दुकानातच सापडली. जुन्या कोटाची लोकर कसर खाते, कसरीला पाल खाते, पालीला शेजारच्या फोटोवाल्याचं मांजर खातं. मांजराला कोण खातं यावर आम्ही अडलो. ऋतूंचा धडा मात्र मी स्वतः शिकवला आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. तिचा हात गरम इस्त्रीच्या जवळ धरला, मग लांब नेला. जवळ असलं की चटका, लांब गेलं की गार. तसंच पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते तेव्हा उन्हाळा आणि लांब जाते तेव्हा हिवाळा. किती सोपं आहे, आणि तुम्ही शाळेत किती पानं घालवता.

एक गंमत सांगते. परवा दोरा ओवताना तिने मला चुकून आई म्हणून हाक मारली आणि जीभ चावली. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. सहावीला इथेच राहीन म्हणते. मी म्हटलं की आईला विचार. ती दोऱ्याची गुंत सोडवायला लागली.

कळावे, लोभ वाढवावा. वाढवायला पैसे पडत नाहीत.

धाकटी

२८ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्र तपासून परत पाठवलं आहे. तीन रेघा आहेत. अन्नसाखळी कोटापासून नव्हे, जिच्या अंगावरची ती लोकर त्या मेंढीने खाल्लेल्या गवतापासून सुरू करावी. प्रत्येक साखळीच्या मुळाशी वनस्पती असते. मांजरावर साखळी थांबली तरी चालते.

बाकी सगळं बरोबर आहे.

कामात आहे, जास्त लिहीत नाही.

ताई

४ जून

ती. आईस,
शि. सा. न.

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तू शाळेत जास्त असतेस.

माझं आणि मावशीचं भांडण झालं. खोटं खोटं नाही, खरं. मावशीच्या मशीनवर वाकड्या मानेचा दिवा आहे. तो पांढऱ्या कापडावर सरळ धरला की उजेडाचा छोटा गोल पडतो आणि तिथे कापड गरम होतं. तिरका धरला की गोल पसरतो आणि कापड तितकं गरम होत नाही. मी टेपने मोजलं, दिवा दोन्ही वेळा वीतभरच लांब होता. मग मला तुझ्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल आठवला. तू तो तिरका का ठेवायचीस ते मला तेव्हा कळलं. मला वाटायचं की तो मोडला आहे. पृथ्वी तिरकी आहे म्हणून कधी आपल्यावर ऊन सरळ पडतं आणि कधी तिरकं. जवळ आणि लांबचा त्यात काही संबंध नाही, असं मी मावशीला सांगितलं.

मावशीने तुझं पत्र दाखवलं. तिच्या धड्याखाली रेघ नाही आणि तू बाकी सगळं बरोबर लिहिलं आहेस. तू चूक कधीच सोडत नाहीस. म्हणून मी माझं खडूने लिहिलेलं झटकून टाकलं. परीक्षेत मावशीचंच लिहीन. तुला सांगावंसं वाटलं म्हणून लिहिलं, उत्तर पाठवायला नको.

तुझी भिंगरी

१० जून

प्रिय धाकटीस,

आज शाळा उघडली आणि टपालाच्या पेटीत भिंगरीचं पत्र मिळालं. हे पत्र संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, म्हणजे उद्या सकाळी तुला मिळेल. मिळताच पहिलं काम हे कर. तिला सांग की ऋतूंचं तिचं उत्तर बरोबर आहे आणि तुझं चूक. आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात हिवाळा असतो, हे जवळ-लांबच्या हिशोबात बसत नाही. तिला परीक्षेच्या आधी सांग.

ती चूक माझ्या नजरेतून सुटली असं मला लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. मी वाचली, पेन्सिल हातात घेतली, ओळीवर टेकवली आणि उचलली. पुढची ओळ मी आधीच वाचली होती, तिने तुला आई म्हटल्याची. तुम्ही दोघी हसलात तेव्हा इथे मी एकटी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं की एकदा तुझ्यामुळे तिचं चुकू दे. तिला कळू दे की हसवणारी वेगळी आणि शिकवणारी वेगळी. पाच गुणांनी ती नापास होणार नाही, असा हिशोबही मी करून ठेवला होता. इतकी मी जळत होते. दोन आठवडे मी घरी आणलेले वर्गाचे तक्ते पुसले, कपाट लावलं, आणि रोज ठरवलं की उद्या कळवू.

आणि ती पोर लिहिते की माझा गोल तिरका का ते तिला कळलं. म्हणजे ती खिडकीतून बाहेर बघत होती तेव्हा ऐकतही होती. मी स्वतः यायला हवं होतं, पण तिच्या तोंडासमोर उभं राहायला पाय उचलत नाहीत.

लोभ मागायचा हक्क आज नाही.

ताई

१२ जून

ती. ताईस,
सा. न.

बस वाटेत बंद पडली. कंडक्टरने तुझं पत्र आज दुपारी बारा वाजता दुकानात आणून दिलं. पेपर साडेदहाला सुरू झाला होता. मी तशीच गळ्यात टेप घेऊन शाळेपर्यंत धावले. शिपायाने आत सोडलं नाही, आणि सोडलं असतं तरी मी काय करणार होते?

ती बाहेर आली ती उड्या मारत. ऋतूंचा प्रश्न पाच गुणांना होता. तिने आधी दिव्याचं लिहिलं, मग तुझी ओळ आठवून ते खोडलं आणि माझं लिहिलं. पत्र मी तिला दाखवणार नव्हते. पण तिने माझ्या हातात तुझं अक्षर ओळखलं आणि रस्त्यातच वाचलं. दोनदा वाचलं. मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तू सांगायचीस तो दगड मी आज पाहिला.

मला तुझा राग आला आहे, ताई. मांजराचं आणि बाबांचं मी हसण्यावारी नेलं असतं. लहानपणापासून मला वाटायचं की लाल रेघ म्हणजे तुझा राग. आता कळतं की रागावलीस तेव्हा तू रेघच मारली नाहीस. आणि आपलं हे रेघांचं खूळ मीच तिच्या गळी उतरवलं, ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगत असताना. त्यात मीही आहे.

लोभ तुटलेला नाही, उसवला आहे. घालीन टाका, जरा वेळ दे.

धाकटी

१९ जून

ती. आईस,
शि. सा. न.

मी पास झाले. पन्नासात चाळीस. तपासणाऱ्या सरांनी खोडलेलं उत्तर वाचलं आणि मला बोलावून विचारलं की बरोबर लिहिलेलं खोडलं का. मी काहीच सांगितलं नाही. आपल्या घरातलं त्यांना कशाला सांगायचं?

मावशीने मला विचारलं की सहावीला इथे राहतेस का. मी दोन दिवस विचार केला. इथे मला आवडतं, चुकलं तरी मावशी हसते. पण चुकलं आहे हे तिला कळतच नाही. मी रविवारी दुपारच्या बसने येते. वाकड्या मानेचा जुना दिवा मावशी देणार आहे. तू स्टँडवर ये. घरी गेलो की तुला कापडावर करून दाखवते, पण मी दाखवताना तू मधे बोलायचं नाही.

तुझं २८ मेचं पत्र तपासून परत पाठवलं आहे. एकच रेघ आहे, बाकी सगळं बरोबर या ओळीखाली. मावशी म्हणाली की मारू नकोस. मी म्हटलं की जिथे चूक असते तिथे आई मारतेच.

मावशीकडे लाल पेन्सिल नाही, म्हणून रेघ तिच्या लाल खडूने मारली आहे. पत्र जपून उघड, नाहीतर ती दिसायची नाही. बघून झाली की झटकून टाक.

तुझी भिंगरी