तोकुजिरोचं ताट

उएदा, १४ ऑक्टोबर १९३८

ती. तोकुजिरोदादास मित्सुएचा वाकून नमस्कार.

रेशमाचे शेवटचे कोष उतरले. आईचा खोकला आहेच, पण तुझं ताट वाढण्यात खंड नाही. रोज तुझ्या जागी भात, मिसोचं सूप, मुळ्याचं लोणचं. मग सुपाच्या वाडग्याचं झाकण उचलून बघते. झाकणाला आतून थेंब दिसले की म्हणते, सेन्दाईच्या तुरुंगात पोर सुखरूप आहे. गरम सुपाच्या झाकणावर थेंब येणारच, असं मी म्हटलं तर माझ्यावरच डाफरली.

प्राध्यापकमहाशय, वस्तू करणाऱ्याला स्वतःसाठी नको आणि दुसऱ्याला हवी असते, तिथून तिचं मूल्य सुरू होतं असं तुम्ही शिकवायचात ना? मग जेवणाराच नाही त्या ताटाचं काय?

वकील म्हणाले, मूल्याचा मार्क्सवादी विचार चुकीचा आहे असं लिहून दिलंस तर सोडतील. आईने ते ऐकून माझ्याकडून लेखणी घेतली. खाली तिच्या हातची ओळ आहे.

लोभ आहेच, तो वाढू दे.
मित्सुए

थंडीत लोक मान खाली घालून चालतात. तू घालू नकोस. – आई

सेन्दाई, १० जानेवारी १९३९

चि. मित्सुएस अनेक आशीर्वाद.

हे माझ्या खोलीवरून लिहितोय. मी सुटलो. सही केली.

तुझ्या ताटाच्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. ते ताट विकायचं नाही, बदल्यात काही घ्यायचं नाही. माझ्या सिद्धांतात त्याला जागाच नाही. आत मात्र मला तेवढंच आठवायचं.

मागच्या दोन्ही पत्रांत आई बरी आहे असं तू लिहिलंस, पण खाली तिची ओळ नव्हती. तिथे माझा धीर सुटला. जन्मभर शिकवलं ते खोटं, असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. विद्यार्थी थुंकतील माझ्यावर. पोलिसांनी परवानगी दिली की शनिवारी निघतो. आईला म्हणावं, मान खाली घालून येतोय, पण येतोय.

तुझा दादा

उएदा, १२ जानेवारी

ती. दादास साष्टांग नमस्कार.

आई गेली रे. नोव्हेंबरात, पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात. तू आत असेपर्यंत कळवायचं नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. कळलं तर तिला अग्नी द्यायला म्हणून तू सही करशील, ही तिची भीती. आई बरी आहे असं मी लिहीत गेले. तिच्या नावाने ओळ लिहायला मात्र हात धजला नाही. लिहायला हवी होती. तुझा शब्द तरी राहिला असता.

तेव्हापासून ताट मी वाढते. झाकण उचलून थेंबही बघते, आणि तिच्यासारखंच म्हणते.

शनिवारी ये. मान कशीही घेऊन ये. आईच्या जागी आता फुलं आहेत. तुझ्या जागी ताट असेल. सूप गार व्हायच्या आत जेव.

आता दोघींचा लोभ माझ्या एकटीकडूनच घे.
मित्सुए