मान कशावर हलली

ग्रांद-आन्स, नोव्हा स्कोशिया
९ ऑक्टोबर २०१६

ती. ओदील आत्यास,
रेमीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस, असं बाबा म्हणतात. म्हणून हे पत्र. पोस्टातली बाई मला आता नावाने ओळखते. तिकिटं विकत घेणारा एकोणीस वर्षांचा पोरगा तिने दुसरा पाहिलेला नाही म्हणे.

बातमी मोठी आहे. आपल्या बोटीवर टीव्हीवाले आलेत. शेवंडं पकडणाऱ्या खलाशांवर मालिका करतायत. खरी माणसं, खरी कामं, असं त्यांचं म्हणणं. मोसमाच्या पहिल्या दिवसापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या पिंजरे टाकायच्या सोमवारपर्यंत ते इथेच राहणार. बाबांनी हो तर म्हटलंच, वर दाढीसुद्धा केली! आई गेल्यापासून त्यांचं गुळगुळीत तोंड मी पहिल्यांदाच पाहिलं.

काल मी शेडमध्ये आजोबांची लाकडी सुई घेऊन पिंजऱ्यांच्या जाळ्या विणत बसलो होतो. त्यांच्यातल्या एका बाईंना ते फारच आवडलं. पुन्हा पुन्हा विणायला लावलं. विणताना मनात काय चालतं तेही विचारलं. मी आपला खरं ते सांगत गेलो. आई आठवते म्हटलं, आजोबा आठवतात म्हटलं, आणि हात चालू असले की समुद्राची भीती कमी वाटते, तेही म्हटलं. जरा जास्तच बोललो का गं?

तुझ्यासाठी करड्या लोकरीचे हातमोजे विणून पाठवलेत. राक्षसाचे वाटतील. आपल्याकडे असेच मोठे विणतात हे तू शहरात जाऊन विसरली असशील. उकळत्या पाण्यात घालून आटव, मग बेताचे होतील.

आटवलेस की कळव. लोभ आहेच, त्याला सुट्टी देऊ नकोस.

तुझा भाचा,
रेमी


हॅलिफॅक्स
२० ऑक्टोबर २०१६

चि. रेमीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि शहरात जाऊन विसरली म्हटल्याबद्दल एक धपाटा.

हातमोजे आटवले. अगदी बेताचे झाले. वरच्या मजल्यावरची शेजारीण विचारत होती, कुठल्या दुकानातून घेतले. भाच्याने विणले म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना. मी म्हटलं, बाई, ज्याला जाळी विणता येत नाही त्याला आमच्या गावात बोटीवर घेतो कोण? तुझे आजोबा मिशीला लागलेला बर्फ घेऊन समुद्रावरून यायचे आणि दोन घास खाल्ले की सुई हातात घ्यायचे. शेजारी आणखी चार कप्तान विणत बसलेले. त्यांना हसायची कोणाची टाप नव्हती.

भीती वाटते म्हणालास त्यात काही वाईट नाही. पण ते मला सांग, तुझ्या बापाला सांग. आज आले उद्या गेले, अशा माणसांना कशाला? बाकी बापाला माझा निरोप दे, दाढी केल्याने थोबाड बदलत नाही.

लाइफ जॅकेट घालत जा. तुझ्या आईला मी शब्द दिलाय, मला खोटं पाडू नकोस. लोभ माझ्या वजनासारखा वाढत राहो.

आत्या


हॅलिफॅक्स
१४ मार्च २०१७

चि. जेर्वेस,
आशीर्वाद, पण आज हात आखडता.

काल शेजारणीकडे तुमची मालिका पाहिली. खाली अक्षरं येतात, त्यामुळे मला सगळं समजलं. नसतं समजलं तर बरं झालं असतं. दुसऱ्या बोटींवरचे गडी लाटांत शिव्या देतायत, हातातून रक्त गळतंय, आणि मधेच आपला रेमी. मांडीवर जाळी, मागे अंगाईसारखं टिंगटिंग संगीत (तेही खाली लिहून येतं), आणि खाली नाव काय, तर ‘बोटीवरची नवरी’! आई आठवते म्हणाला होता ते उडवलं. आजोबा उडवले. भीती वाटते तेवढं मात्र ठेवलं. आणि त्यानंतर लगेच तू. धक्क्यावर उभा राहून हळूहळू मान हलवतोयस. काय हे माझ्या पोटी आलं, असंच बघणाऱ्याला वाटावं.

शेजारीण खदाखदा हसली. मी चहा अर्धा टाकून खाली आले.

जेर्वे, खरं सांग. ती मान पोरावर हलवलीस का? तुझी ती मान मी लहानपणापासून ओळखते, म्हणून विचारते.

उत्तर लगेच दे. लोभाचं त्यानंतर बघू.

ओदील


ग्रांद-आन्स
२६ मार्च २०१७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही.

तो पंप होता. बोटीतलं पाणी उपसायचा पंप त्या सकाळी बंद पडला. एरवी मी शिवी हासडली असती. समोर कॅमेरा होता म्हणून नुसती मान हलवली. रेमी तेव्हा तिथे नव्हताच. त्यांनी दोन ठिकाणचं एकत्र शिवलं.

इथे फार झालं. कोणीतरी आपल्या बोटीच्या सुकाणूला गुलाबी लोकरीचा गुंडा बांधून गेलं. कॅन्टीनमध्ये रेमी शिरला की विणल्यासारखी बोटं नाचवतात. ज्यांच्या बापांनी जन्मभर विणलं तेच नाचवतात. म्हणून मी यंदा कारखान्याच्या तयार जाळ्या मागवल्या.

मान का हलवली असं त्याने विचारलं तर सांगेन. अजून विचारलेलं नाही. आपण होऊन काय सांगायचं? पोरगा आहे, जरा घट्ट व्हायला हवं त्यानेही. टीव्हीवाले पुढच्या मोसमात परत येणार आहेत. त्याला आणखी एक संधी देऊ म्हणालेत.

लोभ असावा, राग आवरावा.

जेर्वे


हॅलिफॅक्स
३ एप्रिल २०१७

चि. जेर्वेस,
गाढवा, तुला आशीर्वाद कसले देऊ?

संधी कसली मेली? पोराने कोणता गुन्हा केला होता? आणि तो विचारणार नाही. तू कधी आपल्या बाबांना काही विचारलं होतंस? बापाने नापसंत केलं हे एकदा मनात बसलं की कोणता मुलगा परत विचारायला जातो? रोज एका टेबलावर बसून बटाट्याची रापूर खाता ना दोघं? मीठ मागायला तुझं तोंड उघडतं ना? त्याच तोंडाने सांग, तो पंप होता. तीन शब्द आहेत.

मी त्याला कळवू शकते. पण आत्या आपली समजूत काढतेय, असंच त्याला वाटेल. हे तुझ्याच तोंडून जायला हवं.

सांगितलंस की कळव. तोवर लोभ स्थगित.

ओदील


ग्रांद-आन्स
५ नोव्हेंबर २०१७

ती. आत्यास,
सा. न.

लिहायला उशीर झाला. वेळ नसतो. सकाळी वजनं उचलतो, मग काम, मग पुन्हा वजनं. एका माणसाचे व्हिडिओ बघतो. तो म्हणतो, भीती बोलून दाखवणारा पुरुष लांडग्यांत शिरलेलं मेंढरू असतो. हसू नकोस. आधी मीही हसायचो. पण तुझ्या बापाने तुझ्यावर मान हलवलेली सगळ्या देशाने पाहिली असती, तर तूही ते बघितले असतेस.

टीव्हीवाले आलेत. या वेळी मी बोलणार नाही, करून दाखवणार. दोघांनी मिळून कठड्यावरून ढकलायचा पिंजरा मी एकटा खांद्यावर घेऊन टाकणार आहे. त्यांना फार आवडलं. लाइफ जॅकेट काढ असं कोणी म्हणालेलं नाही. हे नारिंगी तू नेहमीच घालतोस का, एवढंच विचारलं.

आजोबांची सुई वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. माझ्या कामाची नाही, तुझ्याकडे राहू दे.

यंदा बाबांची मान वर झालेली बघशील.

रेमी


हॅलिफॅक्स
१२ नोव्हेंबर २०१७

चि. रेमीस,
आत्याचे सगळेच्या सगळे आशीर्वाद.

पत्राच्या शेवटी लोभाचं एक अक्षर नाही, पाहिलं हो मी! सुई मिळाली. तिच्या टोकाला अजून तुझा हिरवा धागा आहे. मी काढलेला नाही.

बाळा, आटवायचे ते हातमोजे, माणसाला आटवत नाहीत रे. टीव्हीतला पहिलवान पिंजरा फेकतो आणि पुढच्या मिनिटाला कॉफी प्यायला जातो. तुझ्या पिंजऱ्याला दोरी असते, दोरीला पुढचा पिंजरा असतो, आणि ती दोरी तुझ्या पायाजवळून सुसाट जात असते. म्हणून तर दोघं लागतात. एकाने उचलायचं, एकाने पाय बघायचे. हे मी तुला काय सांगू, तूच मला दहाव्या वर्षी शिकवलं होतंस.

जॅकेट घाल. आणि माझं एक काम कर. तुझ्या बापाला विचार, त्या दिवशी मान कशावर हलवलीस. एवढंच विचार. उत्तर ऐकून तू पोट धरून हसशील, मी पैज लावते.

लोभ आहे रे. तुझ्याकडून आला नाही तरी आहे.

आत्या


ग्रांद-आन्स
२१ नोव्हेंबर २०१७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेजारणीकरवी केलेला तुझा फोन मिळाला, पत्रही मिळालं. रेमीने विचारलेलं नाही. काल जेवताना मी दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मीठ मागितलं. आता हस मला.

पिंजरे टाकायच्या आधीच्या आठवड्यात घरात मनाला लागणारं काही काढायचं नाही, हा आपल्याकडचा नियम तुला माहीत आहे. बाबांनी कधी मोडला नाही. समुद्रावर जाणाऱ्याचं चित्त हलवू नये. सोमवारी परत आलो की जेवायला बसताना सांगतो. शपथ.

जॅकेटचं मी बघतो. लोभ पुन्हा सुरू करावा, ही विनंती.

जेर्वे


हॅलिफॅक्स
९ जानेवारी २०१८

जेर्वे,

चि. लिहायला पेन उचलेना. चिरंजीव शब्द आता कोणाच्याच नावाआधी लिहवत नाही.

मी नीट पोचले. तू काही खात नाहीस असं फादरनी कळवलं. खा. माझ्या रागाला तरी माणूस जिवंत हवा.

रोज तेच डोळ्यांसमोर येतं. त्याने पिंजरा एकट्याने खांद्यावर घेतला. कॅमेरा त्याच्या तोंडावर, म्हणून त्याचेही डोळे कॅमेऱ्यात. दोरीचा फास पायात आला आणि गेला तो पिंजऱ्यामागोमाग. सुकाणू सोडून येऊन तू सुरीने दोरी कापलीस, ते सगळे सांगतात. पण बुटात पाणी भरलं होतं आणि जॅकेट शेडमध्ये खुंटीला. तू बघतो म्हणाला होतास. तुझ्यासमोर घातलं आणि तू वळल्यावर काढून ठेवलं, हे कळल्यावर मी तुला बोलायचं सोडून दिलं. कॅमेऱ्याने बोलावल्यावर बापाचं कोण ऐकतो?

चर्चमध्ये पेटी बंद करायच्या आधी तू वाकून त्याच्या कानात काहीतरी बोललास. मला ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात, तू विसरलास. तीन शब्द होते.

टीव्हीवाल्यांचं मलाही पत्र आलंय. त्याचा लहानपणीचा फोटो हवाय, तोही पिंजऱ्यांबरोबरचा. विणतानाचा नको म्हणून मुद्दाम लिहिलंय! मी चुलीत घातलं. तू त्यांना नाही म्हण. तुझी सही त्यांच्याकडे आधीच आहे हे माहीत आहे मला, तरीही म्हण.

लोभ आहे. कुठे ठेवू तेवढं सांग.

ओदील


ग्रांद-आन्स
१५ एप्रिल २०१८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही म्हटलं. पण त्यांनी दाखवलंच. तू पाहू नकोस, मी सांगतो तेवढं पुरे.

कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी एकत्र पाहिलं. मला घेऊन गेले. आख्खा भाग रेमीवर होता. टिंगटिंग नव्हतं, ढोल होते. पिंजऱ्यांच्या राशीवर उभा, अंगात नुसता बनियन, केस वाऱ्यावर. खाली लिहिलं होतं, ‘खरा मर्द’. ज्यांनी बोटं नाचवली होती ते हुंदके देत होते. त्याच्या चित्राचे टी-शर्ट निघालेत. धक्क्यावरची पोरं ते घालतात आणि जॅकेट काढून फोटो काढतात. मी दोघांच्या थोबाडीत मारली. त्यांचे बाप म्हणाले, जाऊ द्या, दुःखात आहे.

जाळी, सुई, भीती यातलं काही नव्हतं. असा मुलगा कधी नव्हताच, असं झालं.

बाबांची सुई परत पाठव. हिरवा धागा काढू नकोस. कारखान्याच्या जाळ्या मी जाळल्या. आता मीच विणतो, कॅन्टीनच्या खिडकीत बसून. ज्याला हसायचं त्याने हसावं.

शेवटी समुद्र दाखवला, आणि मग मला. धक्क्यावर उभा आहे आणि हळूहळू मान हलवतोय. खाली अक्षरं आली, ‘एका बापाचा शोक’. सगळे उठून माझ्या गळ्यात पडले. फादरसुद्धा रडले. मला कोणाला काही सांगता येईना.

ताई, यंदा मी दाढी केलेली नव्हती. त्या चित्रात माझं तोंड गुळगुळीत आहे. तोही पंपच आहे.

लोभ असेल तेवढा असू दे.

तुझा,
जेर्वे