बाबांची पुढची मालिका

लीड्स

तीर्थरूप बाबांना इराचा नमस्कार.

मी बरी आहे. नोकरीही ठीक चाललीय. आईचे गुडघे आता कसे आहेत?

फोनवर तुम्ही विचारलंत, "ड्रॅगनची मालिका संपली, आता पुढं काय वाचू?" बरीच शोधाशोध करून परग्रहावरच्या वसाहतीची एक मालिका मिळाली. पहिले तीन भाग जळोचीच्या पत्त्यावर पाठवलेत.

आई सांगत होती, ड्रॅगनवाली राणी नवऱ्याला सोडून माहेरी येते, तिथं तुम्ही रडलात. मी केयूरला सोडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्याचे आईवडील आपल्याच कॉलनीत राहतात. इकडं येऊ नकोस."

या नव्या मालिकेत कुणीच माहेरी परतत नाही. तेवढं बघूनच घेतलीय. निवांत वाचा.

तुमची,
इरा